तपासणी अहवालात ४३ शेरे. आधी कशाला हात घालायचा?

प्रश्न: साधारण तीस वर्षांपूर्वी बांधलेलं दुमजली घर आम्ही घेतलं आहे. ताबा घेताना रीतसर तपासणी करून घेतली, तर अहवालात ४३ शेरे निघाले. खालच्या बाथरूममध्ये गॅस गीझर, वीजपेटीपुढे 'एमसीबीची क्षमता तपासावी', बऱ्याच सॉकेटना अर्थिंग नाही, वरच्या मजल्यावरच्या विजेच्या गीझरचा व्हॉल्व्ह ठिबकतो, जिन्याच्या रेलिंगमधल्या फटी मोठ्या, मागच्या खोलीच्या भिंतीला ओल, खिडकीच्या कोपऱ्यातून वर गेलेली तिरकी भेग. शिवाय सैल कड्या, गंजलेल्या बिजागऱ्या, तडकलेल्या फरशा. सगळ्यांपुढे एकच वाक्य: 'दुरुस्ती करावी'. तीन आठवड्यांनी राहायला जायचंय. घरात दीड वर्षाची मुलगी आहे आणि सासूबाईंचे गुडघे दुखतात. सगळं एकदम करण्याएवढे पैसे हाताशी नाहीत. कंत्राटदार म्हणतो, आधी रंग काढून घ्या, बाकीचं राहायला आल्यावर बघू. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: रंग सगळ्यात शेवटी. वायरिंगसाठी भिंत फोडावी लागेल, ओलीसाठी प्लास्टर उतरवावं लागेल, आणि भेगेवर लक्ष ठेवायचं तर ती उघडी दिसायला हवी. आज रंग दिलात तर तो पुन्हा द्यावा लागेलच, पण त्याहून वाईट म्हणजे ओल आणि भेग दोन्हींचा माग पुसला जाईल.

४३ हा आकडा बघून धास्ती घेऊ नका. तपासणारा माणूस खोलीमागून खोली बघत जातो आणि दिसेल ते लिहितो, त्यामुळे सैल कडी आणि जिवावर बेतणारी गोष्ट एकाच पानावर एकाच सुरात येते. अहवाल पुन्हा वाचा आणि प्रत्येक शेऱ्याला दोन प्रश्न विचारा. यातून कुणाला अचानक इजा होऊ शकते का? आणि हे सहा महिने तसंच ठेवलं तर नुकसान वाढेल का? पहिल्याचं उत्तर 'हो' असेल ती कामं राहायला जाण्याआधी झालीच पाहिजेत, तिथे हात आखडता घेऊ नका. फक्त दुसऱ्याचं 'हो' असेल ती पुढच्या पावसाळ्याआधी. दोन्हींचं 'नाही' असेल अशा फरशा, बिजागऱ्या आणि कड्या वर्षभर तशाच राहिल्या तरी बिघडत नाही.

आता पहिल्या प्रश्नाला सगळ्यात ठळक 'हो' मिळतो तो बाथरूममधल्या गॅस गीझरला. तो आजच बंद करा आणि गॅसची जोडणी तोडून घ्या. बंद बाथरूममध्ये ज्योत पेटली की ती तिथलाच ऑक्सिजन खाते. ऑक्सिजन कमी पडला की गॅस पूर्ण जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळ्यांची जळजळही नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात, आणि दार उघडायचं सुचण्याआधीच माणूस कोसळतो. झरोका आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एक्झॉस्ट पंखा आहे म्हणून तर मुळीच नाही: दार-खिडकी बंद असताना पंखा खोलीतली हवा बाहेर ओढतो, आणि तिची जागा भरायला गीझरच्या धुराड्यातून जळका वायू उलटा आत येऊ शकतो. गीझर मोकळ्या हवेत, भिंतीच्या बाहेर बसवून फक्त गरम पाण्याची नळी आत आणायची, नाहीतर विजेचा गीझर घ्यायचा. तिसरा मार्ग आम्ही सुचवणार नाही. घरात आणखी कुठे गॅसवर चालणारं उपकरण असेल तर झोपायच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा आणि त्याच्या पाठीवर छापलेली मुदत बघून ठेवा.

त्याच दिवशी स्वयंपाकघरातली गॅसची नळीही बघून घ्या. नळीवर मुदत छापलेली असते. ती उलटली असेल, किंवा नळी वाकवल्यावर बारीक चिरा दिसत असतील, तर बदला. साबणाचं दाट पाणी ब्रशने प्रत्येक जोडावर लावा; बुडबुडे फुगले की गळती. काडी पेटवून कधीही बघू नका. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत आणि ओट्याखाली साठतो, म्हणून त्याला बाहेर जायची वाट खाली हवी. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस हलका, तो छताकडे जातो. त्याला वाट वर हवी.

विजेच्या पेटीवर थोडं सविस्तर लिहितो, कारण अहवालातला 'एमसीबीची क्षमता तपासावी' हा शेरा वाचायला अगदी निरुपद्रवी वाटतो. जुन्या घरात हे असं होतं: मूळ वायर बहुधा दीड चौरस मिलिमीटरची, दिवे-पंख्यांसाठी टाकलेली. पुढे त्याच लाइनवर इस्त्री आली, हीटर आला, आणि १० अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाह गेला की आपोआप पडून लाइन तोडणारा खटका, वारंवार पडायला लागला. कुणीतरी येऊन तिथे ३२ चा बसवला आणि कटकट मिटली. मिटली म्हणजे इशारा देणारा गप्प झाला, एवढंच. भिंतीतल्या नळीतून जाणारी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर साधारण १५ अँपिअर सुखाने वाहते. तिच्यातून २५ गेले तर उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळपास पावणेतीन पट होते. ३२ च्या एमसीबीला मात्र २५ म्हणजे काहीच नाही, तो तासन् तास पडणार नाही. भिंतीच्या आत वायरचं आवरण कडक होत जातं, तडकतं, आणि एके रात्री दोन वायरी एकमेकींना टेकतात.

म्हणून वायरमनला पेटी उघडून प्रत्येक एमसीबीखालची वायर मोजायला सांगा. दीड चौरस मिलिमीटरला १०, अडीचला १६ ते २०, चारला २५ अँपिअर, असा सावध हिशेब धरा. वायर लहान आणि एमसीबी मोठा असेल तर एमसीबी उतरवायचा. तो मग वारंवार पडू लागला तर त्या जड उपकरणासाठी पेटीपासून स्वतंत्र, जाड वायर ओढायची. पेटीत एकाच स्क्रूखाली दोन वायरी कोंबलेल्या दिसल्या तर त्याही वेगळ्या करून घ्या, कारण त्यातली एक हमखास सैल राहते. सैल जोड किती तापतो ते बघा: जोडाचा अडथळा अर्धा ओहम आणि प्रवाह १० अँपिअर असेल तर त्या एका ठिपक्यावर ५० वॅट उष्णता तयार होते. एवढ्यावर तारा जोडायला धातू वितळवणारं सोल्डरिंग आयर्न चालतं. सॉकेटच्या छिद्राभोवती पिवळट-तपकिरी डाग, प्लगची पिन काळवंडलेली, जवळ गेल्यावर जळक्या प्लास्टिकचा उग्र वास, ही त्याची खूण. असं सॉकेट नुसतं बदलून भागत नाही; मागच्या वायरीचं भाजलेलं टोक कापून नवीन तांबं उघडं करून जोडावं लागतं, नाहीतर नवं सॉकेटही तसंच जळतं.

अर्थिंगचं काम याच खेपेला उरकून घ्या. तीन पिनी सॉकेट दिसलं म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. कित्येकदा तिसरं छिद्र रिकामं असतं, आणि त्याहून घातक म्हणजे ते मागच्या मागे न्यूट्रलला, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेला, जोडलेलं असतं. साध्या तपासणीत ते 'ठीक' दिसतं. पण न्यूट्रल कुठेही तुटली की वॉशिंग मशीनचं किंवा फ्रिजचं अख्खं पत्र्याचं अंग फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेच्या दाबावर येतं. त्यामुळे किमान काही सॉकेट उघडून डोळ्यांनी बघायला सांगा. दिव्याची बटणंही फेजवरच आहेत ना हे तपासा. बटण न्यूट्रलवर असेल तर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज तशीच उभी असते, आणि बल्ब बदलणाऱ्याला ते कळत नाही.

मग आरसीसीबी. एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून पुरता परत येतोय का हे तो सतत बघत असतो. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ०.३ सेकंदाच्या आत लाइन तोडतो. तुमच्या अहवालातल्या शेऱ्यांत त्याचा उल्लेख दिसत नाही, त्यामुळे तो आहे का हे आधी बघा. नसेल तर ३० मिलिअँपिअरचा बसवा. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा आगीपासून संरक्षणासाठी असतो, शॉकपासून तो माणसाला वाचवू शकत नाही. त्यावरचं 'टी' अक्षराचं बटण तीन महिन्यांतून एकदा दाबा. खटका पडला नाही तर तो बाद, लगेच बदला. मात्र ते बटण फक्त यंत्राची परीक्षा घेतं, घराच्या अर्थिंगची नाही.

काम संपल्यावर वायरमनकडून आकडे कागदावर घ्या: मेगरने (वायरीचं आवरण तपासायच्या यंत्राने) ५०० व्होल्टवर घेतलेला प्रत्येक लाइनचा इन्सुलेशन रेझिस्टन्स, म्हणजे आवरणाचा अडथळा, जो १ मेगाओहमच्या खाली असू नये, आणि आरसीसीबी किती मिलिसेकंदांत पडला तो वेळ. मेगर लावण्याआधी सगळी उपकरणं सॉकेटमधून काढलेली हवीत. 'सगळं ओके आहे' हे तोंडी उत्तर घेऊ नका. ज्याने खरंच मोजलंय त्याला दोन आकडे लिहायला अडचण नसते.

मुलगी आणि सासूबाई, दोघींसाठी जिना. तिथे फक्त टेप लागतो. रेलिंगच्या उभ्या गजांमधली फट १० सेंटिमीटरपेक्षा कमी हवी, म्हणजे लहान मुलाचं डोकं त्यातून जात नाही. गज आडवे असतील तर फट कितीही कमी असली तरी मुलीला ती शिडीच आहे. आतून उभ्या पट्ट्या किंवा सलग पत्रा मारून घ्या. नव्या कामासाठी थांबायचं नसेल तर तूर्त पक्की जाळी ताणून बांधा आणि जिन्याच्या वर-खाली दोन्हीकडे फाटक बसवा. वरचं फाटक स्क्रूने भिंतीत पक्कं केलेलं हवं, नुसतं दाबून बसणारं नको. गुडघे दुखणाऱ्या माणसाला उतरणं चढण्यापेक्षा अवघड जातं, म्हणून दोन्ही बाजूंना ९० सेंटिमीटरच्या आसपास उंचीचा, मुठीत मावेल असा गोल कठडा, पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत न तुटता न्या. प्रत्येक पायरीची उंची मोजा. पाय दोन-तीन पायऱ्यांत उंची पाठ करून टाकतो आणि पुढे न बघता पडत जातो. एखादी पायरी बाकीच्यांपेक्षा एक सेंटिमीटरनेही वेगळी असेल तर ठेच तिथेच लागते. नवीन फरशी बसवलेल्या जिन्यात सगळ्यात खालची किंवा सगळ्यात वरची पायरी अशी निघते.

झोपायच्या खोल्यांच्या खिडक्यांना पक्के गज असतील तर आगीच्या वेळी बाहेर पडता यावं म्हणून प्रत्येक खोलीतला निदान एक भाग आतून, चावीशिवाय उघडणारा करून घ्या. त्याची खिट्टी मुलीच्या हाताला लागणार नाही इतक्या उंचीवर ठेवा. धुराचे अलार्म दोन्ही मजल्यांवर छताला लावा. त्यांचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं असतं. छताच्या पंख्यांचे दांडे एकदा शिडीवर चढून बघा: बोल्टच्या टोकाला आडवी घातलेली पिन आहे का, तिचे पाय फाकवलेले आहेत का, हुकाचा रबर झिजला आहे का.

आता एक दिलासा. वरच्या गीझरचा ठिबकणारा व्हॉल्व्ह बहुधा बिघडलेला नाही. पाणी २० अंशांवरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की सुमारे दीड टक्क्याने फुगतं. २५ लिटरच्या टाकीत हे साधारण पावणेचारशे मिलिलिटर होतं, आणि थंड पाण्याच्या नळीत एकेरी झडप असेल तर त्याला बाहेर पडायला सेफ्टी व्हॉल्व्हखेरीज दुसरी वाट नसते. गीझर तापताना ठिबकतो आणि नंतर थांबतो, तर तो आपलं काम चोख करतोय. गीझर बंद आणि गार असतानाही थेंब पडत राहिले तर पाण्याचा दाब जास्त असेल किंवा व्हॉल्व्हच्या बैठकीवर क्षार साठले असतील. मग दाब मोजून घ्या किंवा व्हॉल्व्ह बदला. पण ठिबकतो म्हणून त्याच्या तोंडाला बूच मारू नका. हे कळकळीने सांगतो, कारण थेंबांचा त्रास चुकवायला असं बूच मारलेले गीझर तपासण्यांत सापडतात. थर्मोस्टॅट अडकला तर बंद टाकीतलं पाणी दाबाखाली १०० अंशांच्या वर जातं, आणि टाकी फुटली की त्यातल्या काही पाण्याची क्षणात वाफ होते. एक लिटर पाण्याची सोळाशे लिटरहून जास्त वाफ. व्हॉल्व्हला पाइप लावून तो मोकळ्या तोंडाने मोरीपर्यंत आणा. वर्षातून एकदा त्याची कळ उचलून पाणी सुटतंय ना ते बघा, आणि टाकीतला मॅग्नेशियमचा दांडा काढून बघायला सांगा. टाकीऐवजी तो झिजतो. पेन्सिलीएवढा उरला की बदलायचा. जंतू वाढू नयेत म्हणून टाकीतलं पाणी ६० अंशांना ठेवणं बरं, पण तेच पाणी अंगावर पडलं तर पाचेक सेकंदांत खोल भाजतं, आणि मुलांची त्वचा आणखी पातळ. नळापाशी तापमान आपोआप राखणारा मिक्सिंग व्हॉल्व्ह लावा.

हे झालं की राहायला जा. ओल आणि भेग यांच्यासाठी त्या घरात राहून बघणंच उपयोगाचं आहे.

ओल खोलीत दिसते म्हणून इलाज खोलीतच करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आतून वॉटरप्रूफ थर मारला तर पाणी थांबत नाही, वाट बदलतं. सहा महिन्यांनी तेच डाग हातभर वर किंवा पलीकडच्या खोलीत उमटतात. पाणी कुठून येतंय हे ठरवायला आधी डाग नीट बघा. जमिनीपासून सुरू होऊन साधारण एक मीटरपर्यंत चढलेला, वरच्या कडेला पांढरी क्षारांची बुरशीसारखी पूड असलेला पट्टा म्हणजे जमिनीतून चढणारी ओल. छताच्या कोपऱ्यात किंवा कपाटामागे काळे ठिपके, खोली बंद ठेवली की वाढणारे, म्हणजे हवेतलं बाष्प थंड भिंतीवर बसतंय. पावसानंतर एक-दोन दिवसांत गडद होणारा डाग बाहेरच्या भेगेकडे किंवा गच्चीकडे बोट दाखवतो. आणि उन्हाळा असो की पावसाळा, जो डाग बदलतच नाही, त्याच्यामागे पाइप शोधा.

शंका राहिली तर ४५ सेंटिमीटर लांब-रुंद प्लास्टिकचा कागद भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. कागदाच्या मागे थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीच्या बाजूने जमले तर हवेतून. पाइपसाठी सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवा आणि दोन तास पाणी अजिबात वापरू नका. आकडा सरकला तर गळती आहे. संडासाच्या टाकीत खाण्याच्या रंगाचे काही थेंब टाकून वीस मिनिटं थांबा. फ्लश न करता भांड्यात रंग उतरला तर आतली रबरी झडप गळतेय.

मग घराबाहेर जा, शक्यतो पाऊस पडत असताना छत्री घेऊन. मागच्या भिंतीलगतची जमीन घराकडे उतरते आहे का बघा. ती पहिल्या तीन मीटरमध्ये निदान १५ सेंटिमीटर बाहेरच्या बाजूला उतरायला हवी. गच्चीचा पाइप भिंतीच्या बुडाशीच पाणी सोडत असेल तर त्याला कोपरा जोडून तोंड दीड-दोन मीटर लांब न्या. भिंतीला टेकून रचलेली माती, विटा, कुंड्या हलवा. गच्चीवर पाऊस थांबल्यावर ४८ तासांनीही डबकं राहत असेल तर तिथला उतार चुकला आहे. यातली बरीच कामं फावड्याने आणि एका पाइपच्या तुकड्याने होतात, आणि ती झाल्याशिवाय प्लास्टरला हात लावण्यात अर्थ नाही. पाणी तोडल्यावरही भिंत सावकाश वाळते. ढोबळ हिशेब दर अडीच सेंटिमीटर जाडीला एक महिना असा आहे, म्हणजे २३ सेंटिमीटरच्या भिंतीला नऊ महिने. क्षार धरलेलं प्लास्टर डागाच्या वर अर्धा मीटरपर्यंत उतरवून भिंत मोकळी ठेवा आणि वाळल्यावरच नवं करा.

खिडकीच्या कोपऱ्यातून गेलेली तिरकी भेग कदाचित ओलीचीच बहीण असेल: पायालगत पाणी मुरून माती एकीकडे बसली की भेग तिथूनच निघते, कारण भिंतीचा सगळ्यात अशक्त भाग खिडकीचा कोपरा. ती केसासारखी, एक मिलिमीटरच्या आत असेल तर नजर ठेवणं पुरेसं आहे. पाच मिलिमीटरच्या वर असेल, दोन कडांपैकी एक पुढे आलेली असेल, किंवा खिडकी-दार अडकू लागलं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवायला उशीर करू नका. स्लॅबच्या खालून गजाच्या रेषेत सरळ जाणारी भेग मात्र वेगळी. तिथे लोखंड गंजून दुपटीहून जास्त फुगतं आणि काँक्रीट खाली ढकलतं. काठीने ठोकून पोकळ आवाज आला तर मुलीचा पाळणा त्याखाली ठेवू नका आणि तो भाग लगेच दाखवा.

तिरक्या भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने आडवी रेघ मारा आणि तारीख लिहा. मधोमध, भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक बारीक खिळा ठोका आणि त्यांच्यातलं अंतर व्हर्निअरने (मिलिमीटरचाही अंश मोजणाऱ्या पट्टीने) मोजून भिंतीवरच लिहून ठेवा. दर महिन्याच्या त्याच तारखेला पुन्हा मोजा, निदान एक पावसाळा आणि एक उन्हाळा पूर्ण होईपर्यंत. अंतर थोडं कमी-जास्त होऊन पुन्हा जागेवर आलं तर घर ऋतूप्रमाणे हलतंय. भेग लवचीक भरावाने भरून रंग काढा. ते एकाच दिशेने वाढत राहिलं तर तेच आकडे इंजिनिअरपुढे ठेवा.